अंबिकाची सुती पिशवी

अंबिका केसांना चिमटा लावत नसे. साडीला पिन नाही. ब्लाउजला हुकाऐवजी नाड्या. चहा गार करून प्यायची. लग्नात फोटोला उभं केलं की सगळ्या वऱ्हाडाला सांगायची, "श्वास सोडा. थांबा. हलू नका."

नांदेडच्या एका दवाखान्यात ती एमआरआयचं यंत्र चालवायची. मी तिच्या शेजारच्या खोलीत राहते. तिच्याहून बरीच लहान, मराठीत एम.ए. झालेली.

ती किल्लारीची. भूकंपात तिचे वडील वीरण्णा दगडांखालून जिवंत निघाले, पण चेंगरल्याने मूत्रपिंडांना मार बसला होता. पुढे कित्येक वर्षं रक्ताच्या तपासण्या ठीक येत राहिल्या, आणि मग मूत्रपिंडं गेलीच. ती तेव्हा लातूरला क्लास करत होती. मेडिकलला नंबर लागला नाही. क्लासच्या फलकावर तिचा फोटो कधी झळकला नाही.

"पेशीत बारक्या चुली असतात," तिने मला समजावलं होतं. "मायटोकाँड्रिया. रक्तात काही दिसायच्या आधी त्या मंदावतात. सुई घालून मूत्रपिंडाचा तुकडा काढला तर कळतं. मला सुई न लावता बघायचंय. चूल प्राणवायू किती खाते, त्यावरून."

दवाखान्यात तसं संशोधन सुरू झालं, तेव्हा भूकंपातली माणसं तिनेच गोळा केली. पहिल्या आल्या कमलम्मा. गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग. अंबिका स्वतःचं घरी ठेवून यायची. सवयीने बोलून गेली, "मावशी, गळ्यातलं काढून ठेवा."

"वीरण्णाची पोरगी ना तू? अन् मलाच काढ म्हनतीस? दगडाखाली व्हते तवा हेच मुठीत व्हतं."

कमलम्मा उठल्या. बाहेर बसलेलं गावही उठलं.

"जाऊ द्या, दुसरे पेशंट बघू," डॉक्टर म्हणाले.

"दुसरे कुणी दगडाखाली नव्हते, सर."

अंबिकाने आपलं इष्टलिंग आणलं. चुंबकाने ते ओढलं नाही. माणसाऐवजी पाण्याच्या बाटलीवर ठेवून यंत्रात घातलं. चित्र स्वच्छ आलं. मग आईचं जुनं लुगडं फाडून तिने पिशवी शिवली, सुती दोरीची.

सोमवारी कमलम्मांना परत आणलं. त्यांचं इष्टलिंगही त्यांच्याच तळहातावर तपासलं.

"डबी बाहेर, देव आत. चालंल?"

"हाव. आता वीरण्णाची शोभलीस."

मूठ छातीवर धरून त्या आत गेल्या. संध्याकाळी अंबिकाने माझं मनगट पकडलं. "चुली पेटलेल्या हायत गं. दिसल्या मला." असं काही करणारं माणूस माझ्या भिंतीपलीकडे राहतं, याचा मला केवढा अभिमान वाटला.

त्यानंतर गाव येत राहिलं. ज्याच्या गळ्यात डबी, त्याला पिशवी.

गेल्या आठवड्यात गावाहून येताना अहमदपूरजवळ तिची जीप उलटली. ती जागीच गेली. मला अजून खरं वाटत नाही.

येत्या सोमवारी गावातल्या संगप्पांची तपासणीची पाळी आहे. त्यांची पिशवी तिच्या खाटेवर पडली आहे. दोन बाजू शिवून झाल्यात. तिसरीत सुई तशीच आहे.