आतून कडी लावलेली अटक

किती गुन्ह्यांचे नंबर विसरलो, किती आरोपींचे चेहरे पुसले गेले. ते एक बंद दार मात्र डोळ्यांपुढून हलत नाही. निवृत्तीनंतर मी नांदेडला राहतो. सकाळी विष्णुपुरीच्या धरणाकडे फिरायला जातो. पाणी अगदी स्थिर असलं, ऊन कोवळं असलं की ते दार समोर येतं आणि मी चालता चालता थांबतो. बायको म्हणते, "गेलात का परत ठाण्यात?"

तेव्हा मी लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी प्रभारी अधिकारी होतो. सकाळची हजेरी संपत आली होती. बेल-फुलं विकणारी एक बाई ठाणे अंमलदाराच्या टेबलापुढे येऊन उभी राहिली.

"साहेब, मास्तरीणबाई दार उघडून न्हाई राहिल्या. दोन दिवसांची फुलं गेटलाच लटकून हायत. अन् आतून गड्याचा आवाज येतोय. बाई तर एकट्याच ऱ्हातात."

एक शिपाई हसला. "पाहुणा आला असंल की, मावशी."

"बेलाबिगर त्यांची पूजा होत न्हाई! पाहुणा आला म्हणून पूजा सोडतील व्हय? चला तुम्ही."

मास्तरीणबाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. पती वारलेले, मुलगी परदेशात. अर्ध्या गावाला गणित त्यांनी शिकवलेलं. निलंग्याकडचा माझा एक जुना हवालदार होता, त्याला घेऊन मी निघालो. फुलवाली पुढे, आम्ही मागे.

खिडकीच्या फटीतून पाहिलं. पंखा संथ फिरत होता. ओढलेल्या पडद्यांतून पिवळसर उजेड झिरपत होता आणि बाई ताठ बसल्या होत्या. पुढ्यात स्टुलावर तांब्याला टेकवून ठेवलेला मोबाईल. डोळे उघडे, पण जाग्या माणसाचे नव्हेत. दुपारच्या झोपेतून उठल्यावर सकाळ आहे की संध्याकाळ हे क्षणभर कळत नाही, तशा त्या दिसत होत्या.

"बाई, पोलीस स्टेशनहून आलोय. दार उघडा."

"थांबा. साहेबांना विचारते."

"कोणत्या साहेबांना?"

"मी अटकेत आहे," त्या सावकाश, अगदी नीट म्हणाल्या. "मोबाईलवर. परवानगीशिवाय उठता येत नाही."

फोनवर कुणाला अटक करता येत नाही, हे मी बाहेरून ओरडून सांगितलं. पण वर्दीतला मी दारात उभा, आणि बाईंच्या लेखी खरा पोलीस त्या मोबाईलमधला! चौकशी झाली ती माझीच. माझं ओळखपत्र त्यांनी खिडकीच्या काचेला लावायला सांगितलं. कोपरे उसवलेले, फोटो फिका पडलेला.

"त्यांचं फार स्वच्छ होतं," त्या म्हणाल्या. "अटकेचा आदेशही पाठवलाय, शिक्क्यासह. तुमच्याकडे काय आहे?"

माझ्याकडे काहीच नव्हतं. अडाणी माणूस कागद पुढे आला की चार जणांना विचारतो. शिकलेला स्वतः वाचतो आणि तिथंच फसतो.

हळूहळू उलगडा झाला. बाईंच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले म्हणे. कुणाला सांगितलं तर मुलीलाही अटक. अकरा वाजता फोन चालू ठेवून बँकेत जायचं, आयुष्यभराची ठेव मोडायची आणि 'तपासणीसाठी' पाठवायची. साडेदहा झाले होते. दार तोडता आलं असतं. पण घाबरून बाई आतल्या आत जिवाचं काही करून बसल्या तर?

"हे मोबाईलवरचे साहेब लातूरला दोन वर्षं होते," बाई म्हणाल्या. "इथलं सगळं माहीत आहे त्यांना."

तेवढ्यात फोनमधला आवाज खेकसला, "मैडम, गले की वो डिब्बी उतारकर टेबल पर रखिए. कस्टडी में गहने नहीं चलते."

बाईंचा हात गळ्याकडे गेला. त्या चांदीच्या डबीत इष्टलिंग होतं. लिंगायतांच्या गळ्यात ते लहानपणी येतं आणि माणसाबरोबरच मातीत जातं.

"कालपासून सांगतायत," बाई डबी मुठीत धरून म्हणाल्या. "सगळं ऐकलं मी. एवढंच ऐकलं नाही. साहेब, खरंच काढावं लागतं का हो?"

मी तोंड उघडायच्या आत हवालदारानं मला बाजूला सारलं. तोही त्याच समाजाचा; त्यांच्या रीतीचा नमस्कार घालूनच बोलला.

"शरणार्थ, आक्का. मी हवालदार हाय. लॉकअपमधी घालायच्या आधी किती जणांची अंगझडती घेतली म्या! साखळ्या काढल्या, करगोटे काढले. लिंगाला हात न्हाई लावला. आन् ह्यो भाड्या लातूरला दोन वर्सं नोकरी केली म्हणतो, त्याला लिंग वळखू येत न्हाई? डबी म्हणतो?"

पंखा फिरत राहिला. मग बाईंनी मोबाईल पालथा घातला आणि कडी वाजली. दारातच त्या फुलवालीच्या गळ्यात पडल्या आणि लहान पोरीसारख्या हमसून रडल्या.

ठेव वाचली. आरोपी मात्र हाती लागले नाहीत, हेही कबूल करतो. नंबर परराज्यातला, तपास तिथं जाऊन अडला.

दुसऱ्या दिवशी बाई जबाब द्यायला ठाण्यात आल्या. मी बैठकीहून परतलो तेव्हा त्या तासभर व्हरांड्यात ताटकळत होत्या. मी विचारलं, "बाई, तुम्ही गणिताच्या शिक्षिका. दोन दिवसांत एकदाही शंका आली नाही?"

त्या रागावल्या नाहीत. "येत होती, साहेब. पण पोलीस म्हटलं की हातपाय गळतात. आणि खरं सांगू का? त्यानं पहिल्याच मिनिटाला मला 'मॅडम, आधी बसा' म्हटलं होतं. इथं अजून कुणी म्हटलं नाही."

भामट्यांना भीती नव्यानं घालावी लागली नाही. आम्हीच ती वर्षानुवर्षं लोकांच्या मनात मुरवून ठेवली होती. त्यांनी आयती वापरली. हे मला कोणत्याही प्रशिक्षणात शिकवलं गेलं नव्हतं.

मी माझी खुर्ची ओढून पुढे केली. बाई बसल्या. त्यांच्यासमोर बसणं माझ्याच्यानं होईना. तो सगळा जबाब मी उभ्यानं लिहून घेतला.