पिशोरची डीपी आणि एटीएममधला गारवा

पिशोरची डीपी (रोहित्र) मी जाळली. हेतू चांगला होता. माझ्या सगळ्या नुकसानकारक कामांत तो असतोच.

पुण्याहून निघालो तो एक सिद्धान्त घेऊन: बँक पोचली की विजेचा खप वाढतो. संभाजीनगरला उतरताच पुरावा मिळाला. स्टँडजवळच्या एटीएममध्ये एसी जोरात चालू, आणि खाली एक कुत्रा गाढ झोपलेला.

"जाओ साब, कुछ नहीं करता," रिक्षावाला म्हणाला. "मशीन भी कुछ नहीं करती."

पिशोरला माझे साडू कडूबा यांच्या घरी पोचलो. गावात बँकेची शाखा झाल्यापासून शेताशेतात मोटार आली, घरात हप्त्यावरचा फ्रिज आला. त्यात साड्या होत्या.

"लाइट नसली तरी उंदीर शिरत नाय त्यात, दाजी," मेहुणी म्हणाली.

भाकरी-ठेच्यावर मी कुत्र्याचा किस्सा सांगितला. सगळे पोट धरून हसले. माझा सिद्धान्त ऐकून मात्र कोणी हसलं नाही, जांभया दिल्या.

सकाळी शेतात गेलो. अद्रकाचे (आल्याचे) कोवळे कोंब उन्हानं माना टाकत होते. थोड्या वेळात लाइट येणार, आणि लाइट येताच मोटार आपोआप सुरू करणारं 'ऑटो' बटण एकाही स्टार्टरचं चालू नाही! केवढा हा आळस! बांधाबांधानं फिरून मी सगळ्यांची बटणं टाकली.

लाइट आली. शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम कण्हल्या. डीपीतून धडाम आवाज, मग धूर.

कडूबा धावत आले. "ऑटो कुणी टाकलं?"

"मी."

"अवो, एक मोटार पाणी धरती, मंग दुसरी चालू करायची. डीपी एकच हाय नव्हं आमच्यात!"

शेजाऱ्यांनी अडगळीतलं डिझेल इंजिन काढलं. पाण्याच्या पाळ्या ठरल्या.

"पाव्हणा माझा," कडूबा म्हणाले, "माझी पाळी शेवटची धरा." ते कोंबांकडे बघत होते. मी चपलेकडे.

सिद्धान्त खरा ठरला म्हणा. बँक विजेची भूक गावोगाव पोचवते. वीज वाढणारा वाढपी मात्र शहरातच घुटमळतो, तेही कुत्र्याच्या पानाशी.

एवढं शहाणपण मी परत निघताना गावच्या स्टँडवर कडूबांना ऐकवलं. एसटी हलली तसे ते खिडकीशी आले.

"साडूभाऊ, तुमच्यापरीस ते कुत्रं बरं. गारव्यात पडून ऱ्हातं, पर कशाला पाय लावत नाय."