काढेमास्तरांनी वळू मारला

जनावरांच्या डॉक्टरीच्या कॉलेजात एकतीस वर्षं काढे आणि लेप शिकवणाऱ्या त्या माणसाला सगळे समोर मास्तर आणि पाठीमागे काढेमास्तर म्हणत. माणूस म्हणजे रागाचा भडका. ओवा आणि जिऱ्यात गल्लत केली म्हणून एकदा एका विद्यार्थ्याच्या कानाखाली त्यांनी असा जाळ काढला, की शेजारच्या वर्गातलं शिकवणं थांबलं.

तोच विद्यार्थी पुढे तिथे डॉक्टर म्हणून रुजू झाला. अभ्यासक्रम ठरवायला बसल्यावर त्यानं आधी मास्तरांच्या विषयाला हात घातला. आठवड्याच्या सहा तासांचे दोन झाले, दोनाचा एक, आणि मग परीक्षेतला प्रश्नच गेला. परीक्षेत नाही ते कोण शिकतंय? औषधी झाडांची बाग खणून तिथे एक्स-रेची इमारत उठली. औषधांच्या बरण्या शिपायांनी फावड्यानं फोडल्या. मास्तर मधे पडले, काचेनं तळहात फाटला, आणि हाती लागला तो फक्त खलातला हातभर लांब लोखंडी बत्ता. तो घेऊन ते दवाखान्यात बसू लागले. काम आता एवढंच, आलेलं जनावर धरायचं आणि बांधायचं.

एका दुपारी जवळची एक गोठेवाली आपला वळू घेऊन आली. ओला लसूणघास अधाशासारखा खाऊन त्याची डावी कूस टम्म फुगली होती. मास्तरांनी कुशीवर टिचकी मारली, कान लावला. आत नुसता वारा नव्हता, फेस होता. भोसकून फेस निघत नाही. आधी जवसाचं तेल, त्यात ओवा आणि सुंठ. जिभेवर आलं होतं, पण त्यांनी गिळलं. विचारील तर सांगेन!

डॉक्टरनं विचारलं नाही. वळूला लोखंडी खोड्यात अडकवून त्यानं जाड पोकळ सळई कुशीत खुपसली. नळीतून बुडबुडा आला आणि नळी बुजली. त्यानं ती काढून पुन्हा घातली, मग तिसऱ्यांदा. वळूनं असा हंबरडा फोडला की खिडक्या थरथरल्या. खोड्याची कडी तुटली. पहिल्याच धडकेत डॉक्टर भिंतीवर आपटला, दुसऱ्या धडकेत बरगड्या मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. विद्यार्थी टेबलांवर चढले. वळू तिसऱ्यांदा मान खाली घालून मागे सरला, आणि मास्तरांनी बत्ता दोन्ही हातांनी उचलून त्याच्या कपाळाच्या मधोमध घातला.

तो गुडघ्यांवर आला. मास्तरांनी आणखी दोनदा घातला. मग तो हलला नाही. नाकातोंडातून रक्त आणि हिरवा फेस फरशीभर पसरला.

प्राचार्य धावत आले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मास्तरांचा हात हातात घेतला. "मास्तर, काय हो हिंमत तुमची! तुमचा सत्कारच करायला हवा." मास्तरांनी हात सोडवून घेतला आणि ते कोपऱ्यात जाऊन ओकले.

संध्याकाळी ते गोठ्यावर गेले. गोठेवाली रिकाम्या दाव्यापाशी बसली होती.

"मी मारला तुमचा वळू," मास्तर म्हणाले.

तिनं दावं उचललं आणि त्यांच्या खांद्यावर ओढलं. ते हलले नाहीत. तिनं पाठीवर ओढलं, तोंडावर ओढलं. ओठ फुटला. दमल्यावर तिनं विचारलं, "तुम्ही कान लावलात तेव्हा कळलं होतं ना, काय झालंय ते?"

"कळलं होतं."

"औषध होतं?"

"होतं. पण मला कोणी विचारलं नाही."

"आणि तुम्ही विचारायची वाट बघत बसलात? रुसून? माझं जनावर मरत होतं तेव्हा?" तिनं असं ओढलं की मास्तर शेणात कोसळले. तिथेच ते ढसाढसा रडले. बायको गेली तेव्हाही ते रडले नव्हते.

दोन महिन्यांनी छातीला पट्टा बांधून डॉक्टर वर्गावर आला. मास्तर न विचारता आत शिरले आणि फळ्यापाशी उभे राहिले. "पोटात फेस असेल तर भोसकू नका. आधी तेल पाजा."

"बाहेर व्हा," डॉक्टर म्हणाला.

"टिचकी मारून ओळखायचं. आवाज मऊ येतो. लिहून घ्या."

दोन शिपायांनी त्यांना बखोटीला धरून ओढत नेलं आणि पायऱ्यांवरून ढकललं. दात पडला. मागे अर्धा वर्ग हसत होता.

दुसऱ्या दिवशी तास सुरू झाला तेव्हा मास्तर पुन्हा दारात होते.