जावयाची बॅटरी

जंगलातून बांबू आणणारा माझा ट्रक पावसाळाभर दारापुढे उभा असे. पाऊस लागला की जंगलातले रस्ते बंद, ते दसऱ्याच्या सुमारास उघडायचे. ट्रक नुसता उभा राहिला तर फारसं बिघडत नाही, पण बॅटरी पडून राहिली की बसते, आणि एकदा पुरती बसली की गेलीच. म्हणून मी ती काढून घरात लाकडी पाटावर ठेवी, टोकांना ग्रीस लावी आणि महिन्यातून एकदा चार्ज करून आणी. बायको म्हणे, "बाळंतिणीले एवढं कोनी जपत नाई."

आमच्या खेड्यात वीज नव्हती. चार्जिंगची सोय लालबर्‍याच्या एका राइस मिलमध्ये होती, आणि माझं नशीब असं की सासुरवाडीही लालबर्‍याचीच. सायकलच्या कॅरिअरला बॅटरी बांधून मी जाई. चार्ज व्हायला दिवस आणि रात्र लागे, म्हणजे मुक्काम आलाच.

आता आमच्याकडे जावई नुसता येत नाही. तो आला की कोंबडी कापावी लागते. जावयाला वरणभात वाढला हे शेजारणीला कळलं तर सासूला विहिरीवर तोंड दाखवायची सोय उरत नाही. सासऱ्यांची जमीन बेताची. सासूबाईंचं स्वतःचं म्हणाल तर अंगणातल्या मोजक्या कोंबड्या. अंडी उबवून पिल्लं वाढवणं हाच त्यांचा जीव. पहिल्या खेपेला मी रस्सा भुरकून बोटं चाटली. दुसऱ्या खेपेला श्रावण होता, म्हणून कोंबडी वाचली. पोळा झाल्यावर गेलो तेव्हा अंगण मोकळं मोकळं दिसलं आणि घास तोंडात फिरू लागला.

"मामी, मले वरणभातच आवडते," मी सासूबाईंना म्हटलं.

"हौ, अन् लोकं काय म्हनतीन?" म्हणत त्यांनी आणखी एक पळी रस्सा वाढला.

पुढच्या खेपेला मी शहाणपणा केला. सासऱ्यांकडे गेलोच नाही, मिलमध्ये पोत्यांवर पडून राहिलो. पण लालबर्‍यात जावयाची सायकल लपते होय! दुपारी सासरे मिलच्या दारात उभे. रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "जवाईबापू, आमी मेलो का?"

मिलचा मिस्त्री ऐकत होता. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मान खाली घालून त्यांच्या मागे गेलो. सासूबाई नेहमीसारख्या हसत वाढत होत्या. अंगणातल्या टोपल्यात अंडी होती, पण त्यांच्यावर कोंबडी नव्हती. खुडूक बसलेली तेवढीच उरली होती, तीच माझ्या ताटात आली होती. लाज वाटली, खूप वाटली, आणि तरी ताट साफ केलं. टाकलं असतं तर त्यांचा आणखी अपमान झाला असता.

त्या दसऱ्याला ट्रक पहिल्याच झटक्यात सुरू झाला. लोक माझ्या बॅटरीचं कौतुक करत राहिले. मला ती थंड पडलेली अंडी दिसत होती.

पुढल्या पावसाळ्यात मी ठरवलं, बॅटरी मेली तर मरो. लालबर्‍याला फिरकलोच नाही. बायकोने विचारलं तर तिच्यावरच खेकसलो. दसऱ्याला ट्रकला हार घातला, नारळ फोडला आणि किल्ली फिरवली. ट्रक गप्प. शेवटी अर्धं गाव ढकलायला लागलं, आणि नेमके तेव्हाच सासू-सासरे आले. सासूबाईंच्या काखेत चांगली जाडजूड कोंबडी होती. ती त्यांनी लेकीकडे दिली नाही, माझ्याच हातात ठेवली.

"तुमच्यासाठीच कोंबड्या पोसल्या होत्या, जवाईबापू. सारा पावसाळा वाट पाह्यली. काहून नाई आले? आमच्या हातून काई चुकलं का?"

कोंबडी हातात फडफडत होती. खरं काय ते सांगणार कसं?

"बॅटरी बसली होती, मामी," मी म्हटलं.

"मंग तं यायलेच पाह्यजे होतं," त्या म्हणाल्या.