नसीम मॅडमचा गृहपाठ

पोलीस ठाण्यात चहा देणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. गाळणी कितीही आपटली तरी थोडा चोथा चिकटून राहतोच, तसे ते राहतात. घाटकोपरच्या ठाण्यात माझं कँटीन होतं. नसीम मॅडम इन्स्पेक्टर म्हणून आल्या, तेव्हापासूनची गाळणी मात्र धुवावी असं मला कधी वाटलंच नाही.

*

मॅडम येणार म्हणून हवालदार गावडे सकाळपासून घोकत होते. मॅडम दारात दिसल्या तसे ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "आइए मॅडम, तशरीफ रखिए!"

मॅडमनी खुर्ची ओढली. "गावडे, मी चिपळूणची. मराठीत बसले तर चालेल ना?"

*

वस्तीतली माणसं घाबरून तक्रार द्यायलासुद्धा ठाण्यात येत नाहीत, हे मॅडमना फार लागायचं. म्हणून त्यांनी दर बुधवारी पोलिसांचाच वर्ग सुरू केला. कुणाच्या घरी कसं जायचं, कुणाशी कसं बोलायचं, कुणाच्या सणाला काय असतं.

मोठे साहेब म्हणाले, "दिवाळीपर्यंत चालवा. फरक दिसला नाही तर बंद!"

त्या दिवशी मॅडमनी चहा तसाच ठेवला. मी दुसरा करून नेला, तोही तसाच राहिला.

गावडे मालवणचे. मला म्हणाले, "तात्यानु, ह्या वयात माका शाळेत घातल्यांनी!"

*

रमजानात मॅडमचा रोजा. त्यांच्यासमोर चहा कसा प्यायचा? म्हणून अख्खं ठाणं मागच्या अंगणात, जप्त केलेल्या रिक्षांत बसून गुपचूप प्यायचं. एके दुपारी मॅडमना कुजबुज ऐकू आली. त्यांनी सरळ धाडच घातली! एकेका रिक्षात तीन-तीन पोलीस, हातात ग्लास. मी किटलीसकट सापडलो.

"रोजा माझा आहे," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही कशाला फरार?"

संध्याकाळी त्यांनी तिथेच रिक्षात बसून रोजा सोडला. खजूर सगळ्यांत जास्त गावडेंनी खाल्ले!

*

देवाच्या दारात बूट काढायचे, हे गावडेंनी वर्गात पक्कं केलं. मग चर्चच्या सणाला बंदोबस्त लागला. यांनी बाहेर बूट काढले, आणि आत बघतात तर सगळे बुटांत! आता परत कसे घालायचे? दिवसभर मोज्यांवर उभे.

गावठाणातल्या मेरी मावशींना वाटलं, याचा काहीतरी मोठा नवस असणार. त्यांनी गावडेंच्या नावाने मेणबत्ती लावली. "देव तुझं ऐकेल रे बाबा!"

गावडे मला म्हणाले, "तात्यानु, आता कायतरी मागूकच व्हया!"

मागितलं त्यांनी. काय, ते सांगितलं नाही.

*

मग गृहपाठ आला. वर्दी न घालता वस्तीतल्या एका घरी जायचं, चहा प्यायचा, कामाचं बोलायचं नाही.

गावडे डोंगरावरच्या एका घरी गेले. वर्दी नसली तरी चाल आणि मिशी पोलिसाचीच! घरातली माणसं पोरंबाळं उचलून मागच्या दाराने पसार. उंबऱ्यात गावडे एकटे. दारं सताड उघडी, गॅसवर डाळ. उघडं घर टाकून पोलीस जाणार कसा? त्यांनी गॅस बंद केला आणि दारात राखण करत बसले.

संध्याकाळी घरच्या म्हाताऱ्या नानी हळूच डोकावल्या. हे बसलेलेच!

"नानी, दाल थोडी जल गई," गावडे म्हणाले.

मग चहा मिळाला.

*

दिवाळी तोंडावर आली. मोठे साहेब फरक बघायला आले. त्यांना दाखवणार काय? भिंतीवर फळा, आणि समोर बसलेले गावडे.

साहेब म्हणाले, "मॅडम, मेहनत घेतलीत. पण तसं काही दिसत तर नाही."

तेवढ्यात नानी आत आल्या. मागे अख्खं कुटुंब, हातात पिशव्या, डोक्यावर बोचकी. इकडेतिकडे न बघता त्या गावडेंच्या टेबलापाशी गेल्या आणि पदराची गाठ सोडून किल्ली ठेवली.

"शादी है. सब गाव जा रहे. घर पे नजर रखना."

गावडेंनी किल्ली खिशात घातली.

"नानी, गॅस बंद किया ना?"