लंगडणारा डायनासोर आणि बाजारातला बैल

आज सकाळी साडेदहाला मी बैलबाजारात मातीत बसून एका बैलाच्या उमटलेल्या पावलांमधलं अंतर वितीनं मोजत होतो. पेरणीसाठी घ्यायचा बैल, चूक परवडणार नव्हती.

काल मोबाइलवर लांब मानेच्या डायनासोरची चिखलात उमटून पुढे दगड झालेली पावलं पाहिली. शास्त्रज्ञांनी त्यांतली अंतरं मोजली. एका बाजूचं पाऊल आखूड पडत होतं, म्हणजे तो बहुधा लंगडत असावा.

व्यापारी हसला, "काय बे, जमीन मोजायला आलास का?"

बैलाचं डावं पाऊल दर वेळी चार बोटं आखूड भरलं. मी सोबत आलेल्या चुलत्यांना दाखवलं. त्यांनी खूर दाबताच बैलानं पाय झटकला.

"चल, हा न्हाई घ्यायचा," चुलते म्हणाले.

कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जनावराचं दुखणं चिखलानं जपलं आणि कुणीतरी बसून ते वाचलं! तुमच्याकडे असं पाऊल वाचणारं कुणी आहे का?