निमोण्याच्या शेतातले रोमन सम्राट

आपल्या तालुक्याचा इतिहास आता नव्याने लिहावा लागणार, असे मला ज्या दिवशी सांगण्यात आले तो दिवस मी विसरलेलो नाही. इतिहास आहे तसाच राहिला. स्टेशन डायरीत तेवढी एक नोंद वाढली.

मी तेव्हा शिरूरच्या पोलीस ठाण्यात होतो. दौंडच्या एका स्वयंघोषित इतिहास संशोधकांनी आपल्याच सत्कार समारंभात काशाची हिरवट नाणी दाखवली. निमोण्याच्या एका आबांना ती शेततळे खोदताना सापडली, काही आपल्याला मिळाली आणि सोन्याचा हंडा आबांनी घरात पुरला, असे त्यांनी माइकवरून सांगितले. समारंभाला शाल, श्रीफळ आणि आमचा खबऱ्या असे तिघेही हजर होते.

जमिनीत सापडलेले जुने धन सरकारला न कळवता दडवणे हा गुन्हा आहे. पंच घेऊन मी आबांच्या दारात गेलो. शिपायांच्या हातातली फावडी पाहून आबा म्हणाले, "सायेब, मला आत टाका, पर घर उकरू नका. मागल्या साली फरशी बसवलीय."

"हंडा कुठंय, आबा?"

"हंडा व्हय? न्हाणीत हाय. पानी तापाया ठिवलाय."

फरशीला मी हात लावला नाही. संशोधकांकडची नाणी ताब्यात घेऊन पुण्याच्या एका नाणेतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी भिंग लावले. एका बाजूला सम्राटाचे तोंड. दुसरीकडे दोन सैनिक, मध्ये निशाण, आणि निशाणावर एक फुली. फुलीतून गेलेला उभा दांडा वर वळलेला.

"ख्रिस्ताच्या ग्रीक नावाची पहिली दोन अक्षरं," बाई म्हणाल्या. "रोमन साम्राज्याचा उत्तरकाळ. नाणी अस्सल आहेत."

नाणी अस्सल म्हणजे आबा आत.

"पण तिकडं युरोपात ही ढिगानं निघतात," बाई भिंग पुसत म्हणाल्या. "मोबाइलवर मागवली तरी घरपोच येतात."

दुसऱ्या दिवशी संशोधकांना ठाण्यात बोलावले आणि चहा मागवला. मानाचा भुकेला माणूस धाकापेक्षा चहाने लवकर सैल होतो.

"नाणी शेतातली असतील तर सरकारजमा होतील," मी म्हणालो. "खबर तुम्हीही दिली नाहीत, म्हणजे आबांच्या शेजारी तुमचं नाव. विकत आणली असतील तर ती तुमचीच. बोला."

"शेतातलीच आहेत."

"बरं. मग जमा करतो."

चहावर साय धरली.

"सगळी?" त्यांनी विचारले.

"सगळी."

"कुरिअरनं मागवली होती," ते म्हणाले.

"आन् हंडा?" दारातून हवालदार म्हणाले.

"सभेला जरा रंग यावा म्हणून... त्यांचं तळं नुकतंच खोदलं होतं."

खोटी माहिती दिल्याबद्दल त्यांच्यावर कारवाई झाली. आबा सुटले, सोने वगैरे काही नाही, हे मी स्वतः निमोण्याला जाऊन पारावर सांगितले. अब्रू गेली तरी खोटे रेटणारा माणूस हातची वस्तू जाऊ लागली की खरे बोलतो, हे मी त्या प्रकरणात शिकलो. दुसरे असे, की पोलिसांनी एखाद्या गावात "इथे सोने नाही" असे जाहीर करू नये. हंडा घरात नसेल तर रानात असेल, म्हणून लोकांनी आबांचे रान असे काही उकरले की, त्या वर्षी त्यांना नांगरट करावी लागली नाही.